परदेशात गुन्हेगारीशास्त्र शिकायला जायचं असेल तर : खान्देशातल्या मुलामुलींसाठी धागा

सातपुडा_पायथा (चोपडा)

राम राम मंडळी. बी.ए. समाजशास्त्र, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ६४ टक्के, बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्लंडमध्ये एक वर्षाचं क्रिमिनॉलॉजीचं एम.एससी. करायचा विचार आहे. जळगावच्या एका एजंटाच्या मते क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक एकच, आणि तिकडे पोलिसांत नोकरी मिळते. हे खरं का? घरी केळी आणि कापूस आहे. पैसा काही पतसंस्थेत, काही जमिनीत. व्हिसासाठी नेमका किती दाखवावा लागतो? जाणकारांनी सविस्तर सांगावं, म्हणजे तालुक्याच्या गावातून विचार करणाऱ्या इतरांनाही हाच धागा उपयोगी पडेल.

जिभाऊ_धुळे

ताई, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आधी विषय नीट समजून घ्या. निम्मे लोक इथेच चुकतात आणि फी भरल्यावर त्यांच्या लक्षात येतं.

फॉरेन्सिक सायन्स म्हणजे प्रयोगशाळा. डीएनए, विषं, बोटांचे ठसे, हस्ताक्षर. त्याला बी.एससी. लागते, बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान. समाजशास्त्राच्या पदवीवर तिथे प्रवेश नाही. फौजदारी कायदा हा वकिलीचा विषय. कलम, पुरावा, खटला. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, ही समाजशास्त्राचीच सख्खी बहीण. गुन्हा कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं, काही वस्त्यांत गुन्हे जास्त का नोंदले जातात, शिक्षेने माणूस सुधारतो का, तुरुंग कशासाठी असतो, पोलीस कोणाला थांबवून झडती घेतात, हे त्याचे प्रश्न. म्हणून तुमची पदवी या विषयाला अगदी योग्य आहे.

पहिल्या सत्रात सिद्धान्त असतात. १७६४ मध्ये इटलीच्या बेकारियाने शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी असं मांडलं, तिथून सुरुवात. मग लोंब्रोसो, ज्याने कवटीच्या आणि चेहऱ्याच्या मापांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला आणि जो पुढे खोटा ठरला. मग दुर्खीम, मर्टनचा १९३८ चा ताणाचा सिद्धान्त, शिकागोतले शॉ आणि मॅके, पांढरपेशा गुन्ह्यावर बोलणारा सदरलँड, शिक्का मारण्याचा म्हणजे लेबलिंगचा सिद्धान्त, हर्शीचा नियंत्रणाचा, आणि कोहेन व फेल्सन यांचा १९७९ चा 'रुटीन ॲक्टिव्हिटी'. यातलं अर्धं तुम्ही बी.ए.ला वरवर वाचलेलं असेल. तिथे प्रश्न वेगळा येतो. 'मर्टनचा सिद्धान्त लिहा' असं कोणी विचारत नाही. 'हा सिद्धान्त बँकेतल्या अफरातफरीला लागू पडतो का, पुराव्यानिशी सांगा' असं विचारतात.

आपल्याकडच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना आपल्यालाही लागलेली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्याच वळणाचा होता, अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवणारा. आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. विमुक्त जमाती हा शब्द त्यातून आला. खान्देशात तर त्याच्या आधीच, १८२५ मध्ये, जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली होती. एका बाजूला भिल्लांना लुटारू ठरवायचं आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यातूनच शिपाई भरायचे. या इतिहासाची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. तिथे शिकणाऱ्या खान्देशी विद्यार्थ्याला ती वाचनालयाच्या कार्डावर बघता येतात. हा फायदा फार कमी जण घेतात.

तापीकाठ_भुसावळ

जिभाऊंनी विषय सांगितला, मी अभ्यासक्रमाची रचना सांगतो. इंग्लंडचं एम.एससी. किंवा एम.ए. १८० क्रेडिटचं असतं. साधारण १२० क्रेडिट वर्गातले विषय आणि ६० क्रेडिटचा प्रबंध, १२ ते १५ हजार शब्दांचा. सप्टेंबरला सुरू, पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला प्रबंध जमा.

वर्गात बसण्याचे तास आठवड्याला आठ-दहाच असतात. ते बघून घरच्यांना वाटतं की काम कमी आहे. खरं काम वाचनाचं. प्रत्येक सेमिनारला तीन-चार लेख वाचून जायचं असतं आणि तिथे बोलावं लागतं. गुण देण्याची पद्धतही वेगळी. ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ६३ पडले म्हणून घाबरू नका, ते चांगले गुण आहेत.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा दोन गोष्टी जास्त जड जातात. पहिली, संदर्भ देणं. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हात न घालता उतरवलं की तिथे ती चोरी धरतात. निबंध टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो, आणि दोन मित्रांचे निबंध सारखे निघाले तर दोघांवरही कारवाई होते. आपल्याकडे नोट्स वाटून घ्यायची सवय असते, ती तिथे अंगाशी येते. दुसरी, संख्याशास्त्र. संशोधन पद्धतीचा विषय सक्तीचा असतो आणि त्यात एसपीएसएस किंवा आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर काम करावं लागतं. सरासरी, प्रमाण विचलन, काय-वर्ग चाचणी आणि साधं रिग्रेशन एवढं निघण्याआधी पक्कं करा. आर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. जून ते ऑगस्ट रोज एक तास दिला तर पुरेसं होतं.

विद्यापीठं. केंब्रिजची इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी १९५९ ची, तिथे एम.फिल. आहे. ऑक्सफर्डला सेंटर फॉर क्रिमिनॉलॉजी आहे. दोन्हीकडे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७.५ बँड लागतो. एडिंबरा, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड इथले अभ्यासक्रम चांगले आहेत. लेस्टर आणि पोर्ट्समथ ही एकूण क्रमवारीत मागे दिसतात, पण या विषयात त्यांचं नाव जुनं आहे. बऱ्याच ठिकाणी ६.५ चालतो, कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको. मराठी माध्यमाच्या मुलांचा बँड लेखनात घसरतो, म्हणून परीक्षा अर्जाच्या बरीच आधी द्या. निकाल दोन वर्षं चालतो. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण धरतात, पण सीबीएसईसाठी एक अट आणि राज्य मंडळासाठी दुसरी असू शकते. संकेतस्थळावर 'महाराष्ट्र बोर्ड' असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं तरच त्यावर विसंबा.

इंग्लंडबाहेर बघायचं तर नेदरलँड्समध्ये लायडन आणि ॲमस्टरडॅमची फ्राये युनिव्हर्सिटाइट, कॅनडात सायमन फ्रेझर, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनची ग्रिफिथ, अमेरिकेत न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज. जर्मनीला जाणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदवीची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे आणि दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या ब्लॉक्ड खात्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आय-२० या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावरचा अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) बघावा. शिकून झाल्यावर तिथे एक वर्ष काम करता येतं की आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात, हे त्या कोडवर ठरतं.

केळीबाग_रावेर

मुलीसाठी विचारतो. जमीन सात एकर, केळी. सातबारा तारण ठेवून बँक परदेशी शिक्षणाचं कर्ज देईल का? किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा व्हिसाला दाखवता येते का?

कर्जविभाग_जळगाव

भाऊ, दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. कारणासकट सांगतो.

कर्ज थकलं तर बँक तारण विकून वसुली करते ती २००२ च्या सरफेसी कायद्याने. त्या कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून सातबारा कितीही भारी असला तरी शैक्षणिक कर्जाला बँका तो तारण म्हणून सहसा घेत नाहीत. चालतं ते असं : बिनशेती झालेला प्लॉट, शहरातलं घर किंवा फ्लॅट ज्याचं प्रॉपर्टी कार्ड आहे, मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी. गावठाणातलं घर, ज्याला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, त्यावर बहुतेक शाखा अडतात, कारण मालकीची साखळी दाखवता येत नाही.

सरकारी बँकांचा ढोबळ नियम असा. ४ लाखांपर्यंत तारण नाही. ४ ते ७.५ लाखांना तिसऱ्या माणसाची हमी. त्याच्या वर मालमत्तेचं तारण. परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांच्या वरच्या कर्जात १५ टक्के तुमचे स्वतःचे घालावे लागतात. नावाजलेल्या विद्यापीठांची यादी करून त्यांना विनातारण मोठं कर्ज देणाऱ्या योजनाही आहेत, म्हणून विद्यापीठ पक्कं करण्याआधी बँकेच्या यादीत नाव आहे का ते बघा. वसुली साधारण अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दर महिन्याला निदान व्याज भरत राहिलात तर हप्ता पुष्कळ हलका होतो.

तारणाच्या मालमत्तेचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि वकिलाचं मत यात महिना-दीड महिना जातो. मालमत्ता आजोबांच्या नावावर असेल आणि वारसनोंद राहिली असेल तर आणखी दोन-तीन महिने धरा. ऑफर लेटर आल्यावर तलाठ्याकडे धावण्यापेक्षा वारसाचा फेरफार आजच लावून ठेवा.

आता किसान क्रेडिट कार्ड. ती उचल आहे, शिल्लक नव्हे. ब्रिटनच्या नियमात ओव्हरड्राफ्ट धरत नाहीत. जमिनीची किंमत, सोनं, शेअर, भविष्य निर्वाह निधी, यातलं काहीही धरत नाहीत. लागतो तो खात्यातला रोकड पैसा किंवा कर्ज.

आणि पतसंस्था. आपल्याकडे हा सगळ्यांत मोठा खड्डा आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. ब्रिटिश व्हिसा अधिकाऱ्याला हवी ती नियामकाच्या देखरेखीखालची, संगणकीय नोंदी असलेली आणि पडताळणी करता येईल अशी संस्था. पतसंस्थेची ठेव कितीही मोठी असली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. पैसा आधी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणा.

तापीकाठ_भुसावळ

त्यालाच जोडून ब्रिटनचा हिशेब मांडतो. नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा खर्च लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ आणि लंडनमध्ये १३,७६१. त्यात राहिलेली फी मिळवायची. फी २०,००० असेल आणि ५,००० आधी भरून ती रक्कम विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कॅस या पत्रावर नोंदली गेली असेल, तर १५,००० अधिक १०,५३९, म्हणजे २५,५३९ पौंड दाखवायचे.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २८ वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत हवा. रुपयाचे पौंड करताना दर हलतो, म्हणून काठोकाठ ठेवू नका. पाच-सात टक्के वर असू द्या.

आपल्या भागात यात एक खास अडचण येते. व्हिसाचे अर्ज जून ते ऑगस्टमध्ये होतात आणि शेतकऱ्याच्या खात्यात नेमका तेव्हाच पैसा नसतो. बी-बियाणं, खत, मजुरी. कापसाचा पैसा नोव्हेंबर ते जानेवारीत येतो. तो आला की फीच्या वाट्याचा भाग वेगळ्या खात्यात टाका आणि पेरणीला त्याला हात लावू नका. केळीच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि बाजार समितीच्या पावत्या जपून ठेवा. मोठी रक्कम कुठून आली असं विचारलं तर तोच पुरावा.

पैसा कोणाच्या नावावर चालतो तेही बघा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ यांचं खातं चालत नाही. एकत्र कुटुंबात व्यवहार बहुधा थोरल्या काकांच्या नावावर असतो, आणि तिथेच अर्ज फसतो. २८ दिवस सुरू होण्याआधी पैसा आईवडिलांच्या खात्यात यायला हवा. सोबत जन्मदाखला आणि आईवडिलांचं संमतिपत्र. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

कर्जाने जात असाल तर २८ दिवसांचा नियम लागत नाही. पण मंजुरीपत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने हवं (वडील सहकर्जदार चालतात) आणि व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नको. 'तारणाची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर' असं वाक्य पत्रात राहिलं की ते पत्र निकामी. शाखेतून पत्र घेताना तिथेच वाचून घ्या.

आणखी खर्च : आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला व्हिसा सोळा ते सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून १,१६४ पौंड भरावे लागतात. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच, दाखला सहा महिने चालतो. बोटांचे ठसे मुंबई, पुणे किंवा अहमदाबादला देता येतात. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरतमार्गे अहमदाबादही सोयीचं. 'ॲटॅस' परवानगीची भीती कोणी घातली तर तिकडे लक्ष देऊ नका, ती संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांना लागते.

पांझराकाठ

फी पाठवण्याबद्दल थोडं. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाहीत. स्वतःच्या पैशातून पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत कापत नाहीत, वर गेलं तर कापतात, आणि तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. वडिलांचं सगळं उत्पन्न शेतीचं असेल आणि विवरणपत्र कधी भरलंच नसेल, तर आता भरायला लागा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते त्यात दाखवता येतं, आणि बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.

शहाद्याची_आक्का

कर्जाआधी शिष्यवृत्ती बघा रे पोरांनो. नंदुरबार, तळोदा, यावल आणि धुळे इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत. आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिष्यवृत्तीची चौकशी तिथेच करायची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी योजना आहे.

शाहू महाराज शिष्यवृत्तीला विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची बघतात, विषयाची नाही. त्यामुळे तापीकाठ दादांनी सांगितलेलं लेस्टर आणि पोर्ट्समथ या योजनेत बसत नाही. मँचेस्टर, एडिंबरा, लीड्स, शेफील्ड बसतात. अर्जाची यादी करतानाच हा विचार करा. ऑफर बिनशर्त हवी की सशर्त चालेल हे त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्दशः वाचा.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर येतात. तिथे २०२२ पासून एक अट आहे : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यात घेत नाहीत. गुन्हेगारीशास्त्राला ही अट थेट आडवी येते. गुन्हेगार जमाती कायद्यावर किंवा भारतातल्या तुरुंगांवर प्रबंध करणार असं अर्जात लिहिलं तर अडचण होते. याच विषयांवर काम करण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांचीच वाट ही अट अडवते. हे मला मुळीच पटत नाही, पण अर्ज भरणाऱ्याने ते माहीत असूनच भरावा.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. बी.ए. झाल्याझाल्या त्याचा उपयोग नाही. बालगृहात, समुपदेशन केंद्रात किंवा विधी सेवा प्राधिकरणासोबत केलेलं काम मात्र पुढे त्यात धरता येतं. म्हणून अशा कामाचं तासांसकट पत्र घेऊन ठेवा.

सातपुडा_पायथा (चोपडा)

जिभाऊ, आक्का, बठ्ठं सोपं करी दिन्हं. एक अडचण राहिली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा. आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांकडे महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल नाही.

तापीकाठ_भुसावळ

क्रम वेगळा असल्याने अडत नाही, स्पेलिंग वेगळं असल्याने अडतं. 'चौधरी' दोन कागदांवर दोन तऱ्हेने, किंवा वडिलांच्या नावात एका ठिकाणी 'भाऊ' जोडलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं असेल तर आधी दहावीचं प्रमाणपत्र आधार धरून पासपोर्ट त्याप्रमाणे करा. त्यानंतर अर्ज, आयईएलटीएस, बँक खातं, सगळीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र चालतं. नावच बदललं असेल तर राजपत्र.

शिफारसपत्राचं मनावर घ्या. बरीच विद्यापीठं खासगी ईमेलवरून आलेलं पत्र फेटाळतात. प्राचार्यांना विनंती करून महाविद्यालयाच्या पत्त्यावरून पाठवा, नाहीतर विद्यापीठाच्या विभागातल्या प्राध्यापकांकडून घ्या. पत्रात 'हुशार, आज्ञाधारक विद्यार्थिनी' असं असून काही होत नाही. कोणत्या विषयावर प्रकल्प केला, किती मुलाखती घेतल्या, वर्गात कितवा क्रमांक, असं हवं.

उद्देशपत्रात 'लहानपणापासून गुन्ह्यांचं कुतूहल' या वाक्याने सुरुवात करू नका, तशी शेकडो येतात. एक नेमका प्रश्न, तो तुमच्या जिल्ह्यात कसा दिसतो, त्याच्याबद्दल आजवर काय वाचलं आणि त्या विभागातले कोणते दोन विषय त्याला उपयोगी, एवढं ८०० शब्दांत मावतं.

गिरणाथडी

प्रश्न नेमका कसा असतो याची आपल्याच मातीतली उदाहरणं देतो. प्रबंधाला हीच लागतात.

गिरणा आणि तापीच्या पात्रातून होणारा वाळूचा चोरटा उपसा हा 'ग्रीन क्रिमिनॉलॉजी'चा, म्हणजे पर्यावरणाविरुद्धच्या गुन्ह्यांच्या अभ्यासाचा, विषय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) आणि ४८(८) खाली दंड आणि वाहनजप्ती होते. एकच कृत्य महसूल खात्याकडे दंडाचं प्रकरण होतं आणि पोलिसांकडे चोरीचा गुन्हा होतो. कोणतं केव्हा आणि का होतं, हा पक्का संशोधनाचा प्रश्न. बोगस कापूस बियाणं आणि बुडालेल्या ठेवी हे सदरलँडच्या पांढरपेशा गुन्ह्याचे विषय. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, तो प्रत्यक्षात कसा चालतो हे बघता येतं. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हा तिसरा.

आता माहिती कुठून मिळवायची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक आकडे वापराल तेव्हा हे लक्षात असू द्या की एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यात सर्वांत गंभीर एकच मोजतात. बलात्कार आणि खून एकत्र घडला तर खुनात मोजला जातो. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे कलमवार आकडे सरळ जोडता येत नाहीत. आणि नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं होत नाही, लोक तक्रार करायला पुढे आले असंही असू शकतं. परीक्षक हेच पहिल्यांदा विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकतात. निकालपत्रं ई-कोर्ट्सवर मिळतात. माहिती अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर यायला हवं, पण अपील धरून तीन महिने हाताशी ठेवा.

इंग्लंडचा विषय घेतलात तर काम सोपं होतं. तिथला क्राइम सर्व्हे घरोघरी विचारून केलेला असतो, १९८२ पासूनचा, आणि यूके डेटा सर्व्हिसवर विद्यार्थ्याला मिळतो. पोलिसांकडे न गेलेले गुन्हेही त्यात येतात. बेघर आणि तुरुंगातले लोक त्यात येत नाहीत, ही त्याची मर्यादा प्रबंधात लिहायची. पोलिसांची रस्तावार खुली माहितीही असते, पण तिच्यातली ठिकाणं मुद्दाम थोडी हलवलेली असतात. एका घराचा किंवा एका गल्लीचा निष्कर्ष त्यातून काढू नका.

सर्वांत जास्त प्रबंध अडकतात ते नैतिक परवानगीत. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर विद्यापीठाच्या एथिक्स समितीची परवानगी आधी लागते. तिला चार ते आठ आठवडे लागू शकतात. परवानगीच्या आधी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही, कितीही चांगली असो. म्हणून मेच्या सुट्टीत गावी येऊन मुलाखती घेण्याचा विचार असेल तर अर्ज मार्चमध्ये गेला पाहिजे. संमतिपत्र मराठीत हवं. समोरचा अहिराणी किंवा पावरी बोलणारा असेल तर तोंडी समजावून संमती कशी घेणार हे अर्जात लिहा. तुरुंगातले कैदी, अल्पवयीन मुलं आणि अत्याचारातून गेलेल्या बायका यांच्या मुलाखती एक वर्षाच्या अभ्यासक्रमात घेऊ नका. परवानग्या वेळेत येत नाहीत, आणि मार्गदर्शकही सहसा नाही म्हणतात. मुलाखत देणाऱ्याने न नोंदलेला गुन्हा कबूल केला तर काय करणार, हा प्रश्न समिती हमखास विचारते. गोपनीयता कुठे संपते हे मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगणार, असं उत्तर तयार ठेवा.

दहशतवाद हा विषय निवडणाऱ्यांनी फार काळजी घ्यावी. ब्रिटनच्या २००० च्या टेररिझम ॲक्टच्या कलम ५८ खाली अशा कृत्याला उपयोगी पडेल अशी सामग्री नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. शैक्षणिक संशोधन हा बचाव कायद्यात आहे, पण तो दाखवायला विद्यापीठाची आगाऊ नोंद कामी येते. असलं काही स्वतःच्या मोबाईलवर उतरवू नका. समितीला कळवून, विद्यापीठाच्या ठरवून दिलेल्या सर्व्हरवरच बघा.

केळीबाग_रावेर

हे सगळं शिकून नोकरी कशी मिळते, तेही सांगा. बापाला तेच विचारायचं असतं.

जिभाऊ_धुळे

रास्त प्रश्न आहे नाना. ब्रिटनमध्ये पोलीस व्हायला राहण्यावर कोणतंही बंधन नसावं लागतं, म्हणजे विद्यार्थी किंवा पदवीधर व्हिसावर ते होत नाही. शिकताना आठवड्याला २० तास काम करता येतं. बरेच जण समजतात की उन्हाळ्यात पूर्णवेळ करता येईल. एम.एससी.च्या प्रबंधाचा उन्हाळा सत्रातच धरतात, तिथेही २० तासच. तास ओलांडले तर व्हिसा जातो. शिकल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळेल, पीएच.डी.वाल्यांना तीन वर्षं. त्यानंतर थांबायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, आणि त्याला नवख्यासाठीही पगार निदान ३३,४०० पौंड लागतो. या विषयातल्या स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचे पगार बहुतेक त्याच्या खाली असतात. म्हणून कर्जफेडीचा हिशेब पौंडात करू नका, रुपयातल्या पगारावर करा. तो बसत नसेल तर जाऊ नका.

भारतात परतल्यावर यूपीएससी किंवा एमपीएससीत या पदवीला वेगळे गुण नाहीत. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत गुन्हेगारीशास्त्र नाही. समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र आहेत. उपयोग होतो तो बँका आणि सल्लागार कंपन्यांच्या आर्थिक फसवणूक शोधणाऱ्या विभागांत, मुंबई-पुण्याला. संख्याशास्त्र आणि सॉफ्टवेअर येत असेल तरच. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तुरुंग सुधारणेवर काम करणाऱ्या संस्था, संशोधन प्रकल्प ही दुसरी वाट. तिसरी अध्यापनाची. यूजीसी नेटला क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे.

याच विषयाचं चांगलं शिक्षण भारतातही आहे, हे मुलीला जरूर सांगा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मद्रास विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, गांधीनगरची राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी. खर्च परदेशाच्या तुलनेत अगदी थोडा. आधी इथे एम.ए., मग शिष्यवृत्तीवर पीएच.डी.ला बाहेर, हा मार्ग तारणाशिवाय जातो. माझं मत विचाराल तर सात एकरवाल्या घराने हाच आधी तपासावा.

कर्जविभाग_जळगाव

एजंटांबद्दल एक लिहायचं राहिलं. त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून ज्या विद्यापीठाचं कमिशन जास्त त्याचं नाव ते पुढे करतात. 'खात्यात पैसा आम्ही दाखवतो, महिन्याचं व्याज द्या' असं कोणी म्हटलं तर उठून या. पडताळणीत खोटं कागदपत्र सापडलं तर ब्रिटनचे दरवाजे दहा वर्षं बंद होतात, आणि बंदी एजंटावर येत नाही, मुलावर येते. डिपॉझिट भरण्याआधी व्हिसा नाकारल्यास किती परत मिळतं आणि किती दिवसांत, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून ठेवा.

सातपुडा_पायथा (चोपडा)

शेवटचं विचारते. सप्टेंबरला जमलं नाही तर जानेवारीच्या प्रवेशाला जावं का?

तापीकाठ_भुसावळ

या विषयाला जानेवारीचा प्रवेश थोड्याच ठिकाणी असतो, आणि जिथे असतो तिथे निवडीचे विषय कमी उरतात. संशोधन पद्धतीचा वर्ग बहुधा सप्टेंबरच्या सत्रात असतो. जानेवारीत आलेल्यांना कुठे कुठे तो प्रबंधाच्या अगदी तोंडावर मिळतो. विद्यापीठाला ईमेल करून जानेवारीवाल्यांचं सत्रवार वेळापत्रक मागवा. पद्धतीचा वर्ग प्रबंधाच्या आधी पूर्ण होत असेल तर जा, नसेल तर पुढचा सप्टेंबर. मधल्या काळात आर शिका, वारसाचा फेरफार लावून घ्या आणि पतसंस्थेतली ठेव मुदत संपेल तशी बँकेत हलवा.